भरती म्हणजे कुठली भरती?

बर्फात पडलेल्या लांब भेगेच्या दोन्ही काठांवर मिळून अकरा लाल झेंडे होते. नऊ भोवऱ्याने रोवलेले आणि दोन अबोलीने. तिने पुन्हा मोजले. तेवढेच भरले.

"भोवऱ्याचं काम बघ, एक झेंडा तिरका नाही," वृंदाआत्या म्हणाली. आत्या अंटार्क्टिकाच्या संशोधन केंद्रात हिमनद्यांचा अभ्यास करायची आणि भोवरा हा तिचा यंत्रमानव. सुट्टीत आलेल्या अबोलीच्या पोटात त्याचे कौतुक ऐकले की दुखायचे.

केंद्राची एक रीत होती. हिमनग कधी सुटणार, याचा ज्याचा अंदाज सर्वांत जवळचा, त्याने हिमनगाचे बारसे करायचे. मागची तिन्ही बारशी भोवऱ्याने केली होती. नावे काय, तर ख-एक, ख-दोन, ख-तीन! हे चौथे बारसे अबोलीला हवे होते.

"पण एवढा बर्फ तुटतो कसा?" केंद्रात परतल्यावर तिने फुरंगटून विचारले.

आत्याने चिक्कीची वडी टेबलाच्या कडेबाहेर काढून मागचा भाग दाबून धरला. "टेबल म्हणजे जमीन. हिमनदी (डोंगरावरून सावकाश सरकत येणारा बर्फ) समुद्रात शिरली की तिचं टोक तरंगतं. भरतीला उचललं जातं, ओहोटीला खाली येतं. मग वडी वाकते कुठं?"

"कडेपाशी!"

"तिथंच भेगा पडतात. शिवाय बर्फाहून किंचित उबदार पाणी तिला खालून झिजवतं. आणि पौर्णिमेला येतं उधाण (नेहमीपेक्षा मोठी भरती)." कट्‌कन वडी तुटली. अर्धी अबोलीला मिळाली. आत्याने बाहेर हाक दिली, "भोवऱ्या, पौर्णिमेच्या भरतीवर लक्ष ठेव रे!"

पौर्णिमेच्या सकाळी अबोलीने अंदाज नोंदवला: आज, दुपारच्या भरतीला.

रेडिओवर भोवरा म्हणाला, "माझा अंदाज, आणखी पंधरा दिवस. पौर्णिमेची भरती तपासली. केंद्रात एकही नवा कर्मचारी भरती होणार नाही."

अबोलीला हसू फुटले. नोकरभरती! आता गप्प बसले की झाले, बारसे तिचेच. तिने खिडकीतून पाहिले. भोवरा भेगेपलीकडे, समुद्राच्या बाजूला होता. एक कललेला झेंडा सरळ करत होता. तिचा झेंडा.

तिने रेडिओ ओढला. "अरे वेड्या, समुद्राची भरती! पाण्याची! आधी अलीकडे ये!"

"मग माझाही अंदाज आज दुपारचाच. बारसं तुला एकटीला मिळणार नाही."

"कळतंय मला! ये म्हणते ना!"

भोवरा भेगेवरच्या फळीवरून गडगडत अलीकडे आला. दुपारी पाणी चढले, बर्फात खोलवर गडगडाट झाला आणि भेगेपलीकडचा पांढरा कडा हळूच समुद्राकडे सरकू लागला.

आत्याने ड्रोनने मोजणी केली. नाव दोघांनी मिळून सांगितले आणि अबोलीने ते फळ्यावर लिहिले:

चिक्की-एक. लांबी, दोन किलोमीटर तीनशे मीटर.