निरोगी गटातला एक

"मान जरा डावीकडे... गार लागेल हं," म्हणत सोनोग्राफीवाल्यानं माझ्या गळ्यावर जेल लावलं आणि मी शहारले. जेल गार होतं हे खरं – पण सगळा दोष जेलचा नव्हता!

मी प्रयोगशाळेत रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर काम करते. हृदयविकाराच्या आमच्या अभ्यासात तुलनेसाठी घेतलेली एक निरोगी बाई ऐनवेळी आली नाही, म्हणून तिच्या जागी मीच आडवी झाले होते.

"धमनी छान आहे तुमची."

"सगळ्यांना असंच सांगता?"

"नाही... बाकीच्यांना नुसता रिपोर्ट देतो."

मग काय, रिपोर्ट आणायला रोज मीच जाऊ लागले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

"तुझ्या या पेशी करतात तरी काय?" एकदा त्यानं विचारलं.

"धमनीच्या भिंतीत साचलेली चरबी साफ करायला शिरतात. खाऊन खाऊन फुगतात, तिथंच मरतात. त्यांच्याच ढिगानं वाट अरुंद होते."

"म्हणजे कुंपणच शेत खातं."

मी हसले. तो हसला नाही.

पुढच्या आठवड्यात तो निरोगी गटात रक्त द्यायला आला. फॉर्मवर 'घरात कुणाला हृदयविकार?' यापुढे 'नाही' लिहिलं. सुई त्याला टोचली आणि 'आई गं' म्हणाले मी.

आमच्याकडे नळ्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. मोजणाऱ्याचं मन कुठं झुकू नये म्हणून. निरोगी गटातल्या एका नळीतल्या पेशी चरबीवर अधाशासारख्या तुटून पडल्या. अशा पेशी आम्हाला एरवी घराण्यातच हृदयविकार असलेल्यांत दिसायच्या. मोजणी संपल्यावर आकड्यांपुढच्या नावांची यादी उघडली. ते रक्त त्याचं होतं.

मी तडक त्याच्या सोनोग्राफीच्या खोलीत गेले. "खोटं का लिहिलंस?"

"खरं लिहिलं असतं तर मला बाद केलं असतं. आणि मला दहा मिनिटं तुझ्यासमोर बसायचं होतं..." त्यानं मान खाली घातली. "बाबा एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. माझी धमनी मी केव्हाच बघितलीय – भिंत जाड झालीय. म्हणून तुला काही विचारत नाही. आईनं एकटीनं जन्म काढला. ते तुझ्या वाट्याला नको."

मला त्याचा इतका राग आला, की रडूच फुटलं.

"आईंना बाबांबरोबर किती वर्षं मिळाली?"

"नऊ..."

"मला नऊ चालतील," मी म्हणाले. "आणि दहावं हवंय, म्हणून आत्ता ऊठ. डॉक्टरांकडे चल."