येते म्हणायचं असतं

गुलमंडीतल्या कापड दुकानात गिऱ्हाईक सहसा खरं बोलत नाही. तासभर ढीग उलगडायला लावायचा आणि शेवटी 'घरच्यांना घेऊन येते' म्हणत सटकायचं, ही तिथली जुनी रीत. त्यामुळं कुबडी टेकत आत आलेल्या मुलीला गादीवर बसलेल्या राजकुमारनं सवयीनंच विचारलं, "घ्यायचंय का नुसतं बघायचंय?"

"नुसतं बघायचंय," रूपा म्हणाली. त्याच्याकडं नाही, वेलबुट्टीदार हिमरू शालीकडं पाहत. "माझ्या ड्रॅगनला कातडी पाहिजे."

"मग माप आणलंय का त्याचं?"

"दौलताबादच्या किल्ल्याएवढा आहे." तिनं टॅबलेट पुढं केला. किल्ल्याला वेटोळं घालून एक जांभळा ड्रॅगन बसला होता... पाठ मात्र अजून उघडीबोडकी. राजकुमारचं थट्टेचं हसू मावळलं.

"हे तुम्ही काढलंय व्हय? लई भारी!"

मग त्यानं शालींवर शाली उलगडल्या आणि तिनं वेलबुट्ट्या टिपून घेतल्या. रूपाला ऑटिझम होता, आणि डावा पाय जन्मापासून अधू. गोंगाट तिच्या अंगावर यायचा, कुणाच्या डोळ्यांत बघणं जड जायचं. पडद्यावर पेन टेकवलं की मात्र ती साऱ्या आकाशाची मालकीण!

"जाते," ती उठली.

"जाते नाय म्हणायचं. येते म्हणायचं असतं."

"पण मी तर चाललेय."

"तरी बी. येते म्हणलं की माणूस परत येतं."

तिनं गंभीरपणे विचार केला. "मग खरंच येणार असेन तेव्हाच म्हणीन." दारात ती थबकली. "शनिवारी... येते."

आणि आली. मग दर शनिवारी दुपारी येत राहिली. त्यानं तिच्यासाठी खडखडणाऱ्या पंख्याला तेल घातलं, मागच्या कोपऱ्यात खुर्ची मांडली.

"माझ्या तोंडाकडं कधी बघणार तू?"

"हात बघते की. तुझे हात जास्त बोलतात."

बिचाऱ्यानं लाजून हात शालीखाली लपवले. प्रेमात पडला होता गडी, अगदी नाकापर्यंत. तीही पडली होती, फक्त तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

एका शनिवारी तो अडखळत म्हणाला, "घरी पोरी बघायलेत... मला तूच पाहिजेस. करशील लग्न माझ्याशी?"

नेमकी तेव्हाच दारावरून वरात गेली. बँडचा दणका तिच्या डोक्यात शिरला आणि सगळे शब्द पळाले. त्यात पुढच्या आठवड्यात पायाचं ऑपरेशन, म्हणजे शनिवारी येणं नव्हतंच. तिनं कुबडी उचलली आणि खरं तेच बोलली.

"जाते."

शालीवरचे त्याचे हात थिजले. ते तिनं पाहिलं, पण त्याचा अर्थ तिला लागला नाही.

ऑपरेशननंतर अंथरुणात पडल्या पडल्या ती उत्तर रंगवत राहिली. ड्रॅगनच्या हिमरू पाठीवर दोघं, एकीच्या हातात कुबडी, दुसऱ्याच्या हातात कापड मोजायचा गज. आई, गीताबाई, कळवळून म्हणायची, "अगं, एक मेसेज तरी टाक त्याला."

"चित्र व्हायचंय अजून."

प्रश्न विचारला की तो उत्तर मिळेपर्यंत तिथंच उभा असतो, असं तिला वाटायचं.

पाय सावरला, चित्र झालं, आणि ती दुकानात गेली. राजकुमारनं टॅबलेटवरच्या गजवाल्या माणसावर बोट ठेवलं.

"हा... मी हाय?"

"व्हय. हे उत्तर आहे. हो म्हणून."

त्याच्या बोटात नवी अंगठी होती.

"तू जाते म्हणली होतीस, रूपा."

"त्या शनिवारी येणार नव्हते. ऑपरेशन होतं."

त्यानं अंगठीचा हात शालीखाली ओढला. "मला वाटलं, नाय म्हणलीस. चितेगावची पोरगी हाय... साखरपुडा झाला. एक फोन करायला काय झालं होतं मला!"

रूपाला रडू आलं. 'थांब' एवढा एक शब्द पुरला असता. तो तिला त्या दिवशी सापडला नव्हता.

ती निघाली तेव्हा तो हलकेच म्हणाला, "एकदा येते म्हण की."

"खोटं होईल."

"होऊ दे..."

तिनं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं. ते भरून आले होते.

"येते," ती म्हणाली.

"ये," तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी दुपारी रूपानं केस विंचरले, कुबडी घेतली, घराच्या दारापर्यंत गेली आणि तिथंच उंबऱ्यावर बसून राहिली. शब्द दिला होता, आणि आता तो मोडायचा होता.