दुपारी घरी येणारा पप्पा

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. त्या घरात मी स्वतः होते. पटलं तर ठेवा, नाहीतर सोडून द्या.

जुलैच्या सुट्टीतला गुरुवार होता. बाहेर लख्ख ऊन होतं. हे आधीच सांगते, कारण सगळे म्हणतात, अंधारात नीट दिसलं नसेल.

घर सिडनीच्या उत्तरेला, गॉसफर्डच्याही पुढे, तळ्याकाठच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही. तिथे माणसं राहतात.

माझ्या धाकट्या भावाने, अर्नेलने, ते भाड्याने घेतलं होतं. फिलिपिन्समधल्या इलोइलोहून तो, त्याची बायको रोवेना आणि दोन लहान मुलं इकडे आली, तेव्हा मी म्हटलं होतं, सिडनीतच, ब्लॅकटाउनमध्ये माझ्याजवळ राहा. आपली माणसं आहेत, कामही जवळ पडेल.

त्याने ऐकलं नाही. रात्रंदिवस मोबाइलवर गावं शोधत बसला. शाळा चांगली हवी, अंगण हवं, रस्त्यावर मुलांना सायकल चालवता यायला हवी.

"आणि तुझं काम सिडनीत. रोज किती वेळ गाडीत बसणार?"

"जाईल तेवढा जाईल. मुलांसाठीच करतोय ना, ताई."

"मग मुलांना तुझा एक फोटो देऊन ठेव. चेहरा विसरतील."

तो हसला. मीही हसले.

पुढे तसंच झालं. मोठ्या इमारतींमध्ये एसी बसवायचं त्याचं काम. मुलं झोपेत असताना निघायचा, ती झोपल्यावर परत यायचा. क्लारिस सात वर्षांची, पाओलो चार. सुरुवातीला दोघं पप्पासाठी रडायची.

मग रडायची थांबली.

रोवेनाचा मला फोन आला. "ताई, मुलं पप्पाचं नावच काढत नाहीत."

"सवय झाली असेल गं."

"नाही हो. मी विचारलं, तर म्हणतात... पप्पा आत्ताच तर आला होता."

सुट्टीत रोवेनाला वृद्धाश्रमात दुपारची पाळी लागली, म्हणून मी मुलांना सांभाळायला गेले.

त्या गुरुवारी मी स्वयंपाकघरात आंबट रश्शासाठी मुळा चिरत होते. मुलं बाहेरच्या खोलीत कार्टून बघत होती.

तेवढ्यात... फाटकाची कडी वाजली.

मी खिडकीतून पाहिलं. फाटक बंद होतं. अंगणात कुणी नव्हतं.

मग व्हरांड्यात... बुटांचा आवाज.

जड बूट. कामावरचे. दाराशी येऊन थांबले. एक बूट काढून ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरा.

"पप्पा आला," म्हणत मुलं दाराकडे पळाली.

आमच्यात मोठं माणूस घरी आलं की मुलं त्याचा हात धरून आपल्या कपाळाला लावतात. क्लारिसने हात पुढे केला, हवेतलं काहीतरी धरलं आणि मान वाकवली.

मग पाओलोने.

आणि पाओलोचे केस... दबले. डोक्यावर कुणीतरी तळवा ठेवावा तसे.

कसाबसा अर्नेलला फोन लावला. त्याच्यामागे ड्रिलची घरघर चालली होती.

"कुठे आहेस तू?"

"कामावर. का गं?"

मी काही बोलणार, तोच बाहेरच्या खोलीतून... गाणं ऐकू आलं.

आई आम्हाला झोपवताना म्हणायची ते गाणं. आवाज पुरुषाचा. वर चढताना जरासा फाटणारा.

फोनवर अर्नेललाही ते ऐकू गेलं. मग हळूच म्हणाला, "ताई... हा माझा आवाज आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने रजा घेतली. सकाळपासून दाराकडे तोंड करून सोफ्यावर बसला. मुलांशी खेळायचा प्रयत्न केला. मुलं नीट वागली त्याच्याशी. पाहुण्यांशी वागतात तशी.

दुपार उतरली. कडी वाजली. मग बूट.

मुलं त्याच्या शेजारून दाराकडे पळाली.

अर्नेल घोगऱ्या आवाजात म्हणाला, "क्लारिस, इकडे बघ. मी इथे आहे."

ती वळली. बोलायला लागल्यापासून पप्पाला अरे-तुरे करणारी ती पोर.

"तुम्ही जरा बाजूला बसता का?" ती म्हणाली. "इथे पप्पा बसतो."

अर्नेल सरकला.

आणि त्याने सोडलेल्या जागेवर... सोफ्याची गादी हळूहळू खाली गेली.

आठवड्याभरातच त्यांनी घर सोडलं. जाताना रोवेनाने घरमालकिणीला विचारलं, इथे आधी कुणी वारलं होतं का? ती चमकलीच.

"अगं, घर नवीन बांधलेलं आहे. तुम्हीच पहिले राहायला आलात."

आता ते ब्लॅकटाउनमध्ये राहतात, माझ्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, अंगण नाही. अर्नेल अंधार पडायच्या आत घरी येतो. मुलं उठतात, त्याचा हात कपाळाला लावतात आणि परत जागेवर जाऊन बसतात. क्लारिस अजून त्याला 'तुम्ही' म्हणते. किती समजावलं, मारायलाही उठला एकदा. नंतर स्वतःच न्हाणीघरात जाऊन रडला.

कित्येक महिने ती मुलं हसली नव्हती.

अलीकडे हसायला लागली आहेत.

काल अर्नेल सगळ्यांसाठी तळलेली कोंबडी घेऊन आला. खुशीत होता. "रुळली बघ मुलं, ताई. वेळ द्यावा लागतो, एवढंच."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

शाळा सुटल्यावर मुलं माझ्याकडे असतात. आधी आल्या आल्या खायला मागायची. आता मागत नाहीत. दप्तरं टाकतात, जिन्याकडच्या दाराशी जाऊन उभी राहतात... आणि क्लारिस मला हळूच म्हणते, "आत्या, टीव्हीचा आवाज कमी कर ना."

मी कमी करते.

जिन्याकडे मात्र बघत नाही.