आंधळी काजं

मेलेल्यांचे कपडे शिवायला कसब लागत नाही, असं लोकांना वाटतं. शिवणबाईला विचारलं असतं तर तिने कात्री खाली ठेवून सांगितलं असतं, की जिवंत माणूस निदान हात तरी वर करतो. शवपेटीतल्या माणसाचा कपडा पाठीकडे उघडा ठेवायचा आणि अंगावर चढवला की मागून टाके घालून बंद करायचा. पुढची बटणं शोभेची. काजाचा आकार दोऱ्याने भरायचा, पण चीर पाडायची नाही. त्यांना ती आंधळी काजं म्हणायची. जी बटणं कुणी सोडणारच नाही, त्यांना डोळे कशाला?

तीस वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की स्वतःच्या मुलीचा पांढरा झगा शिवतानाही हातांनी तेच केलं. बावीस वर्षांची पोर, चार दिवसांच्या तापात गेली. माती देऊन आल्यावर हात धुताना शिवणबाईच्या ध्यानात आलं. दर रविवारी चर्चमध्ये ती सगळ्यांबरोबर उभी राहून म्हणायची, की देहाच्या पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे. तोंड एक म्हणत होतं, हात दुसरंच शिवत होते. पोर उठेल तेव्हा बटणं कशी सोडणार?

वर्षभराने ती चर्चच्या पाळकांकडे गेली. चाळीस वर्षं लहान मुलांचा रविवारचा वर्ग घेणारा हा म्हातारा तेव्हा वर्गासाठी पेन्सिलींना टोकं करत बसला होता. लोक सांगतात की मुलगी आठवणीत जिवंत आहे, हे तिने त्यांना सांगितलं.

"आठवण माझ्याकडे आहेच. मला तिचा हात हवाय. डावा, सुई धरायची तो."

"तेवढंच मागायचं असतं, पोरी," पाळक म्हणाले. "ख्रिस्त देहाने उठला नसेल, तर मी पोरांना फसवणारा म्हातारा आणि आपली प्रार्थना म्हणजे रिकाम्या खोलीतली बडबड. तो उठला, म्हणून तू हात मागू शकतेस."

"आणि तिची बटणं?"

"ज्याने कबरीवरचा धोंडा लोटला, त्याला तुझी काजं अडवतील होय?"

ती हसली. घरी पोचेपर्यंत ते हसू टिकलं नाही.

त्याच आठवड्यात एका निवृत्त पोस्टमास्तरांचा सदरा तिने शिवून टेबलावर ठेवला. जेवून आली, तर वरचं काज चिरलेलं होतं, कडा नीट गुंफलेल्या. इस्त्री करणाऱ्या धाकट्या बहिणीला तिने फैलावर घेतलं.

"मला काजं येत असती तर जन्मभर तुझी इस्त्री केली असती का, ताई?" बहीण म्हणाली.

पुढच्या कपड्यावर तीन काजं उघडलेली निघाली. शिवणबाईने ती खिडकीच्या उजेडात धरली. टाके उलट्या बाजूला कलले होते. डावखुऱ्या माणसाचे कलतात तसे. तिने बहिणीला काही सांगितलं नाही.

गुरुवारी एका शिक्षिकेचा झगा शिवायला आला. शिवणबाईने मुद्दाम पाचही काजं आंधळी ठेवली. दोरा ओवलेली सुई टेबलाच्या डाव्या कडेला खोचली. बहिणीला बाजारात धाडलं, दाराला कडी घातली. भर दुपार होती, भिंतीवर ऊन होतं.

मग ती टेबलाकडे पाठ करून उभी राहिली.

बराच वेळ काहीच नाही.

मग कापड चिरल्याचा बारीक आवाज आला. मग दोरा ओढल्याचा. पुन्हा. पुन्हा.

वळावंसं वाटत होतं. जीव तुटत होता. पण वळलं आणि काम अर्धंच राहिलं तर?

आवाज थांबला.

ती वळली. खोलीत कुणी नव्हतं. दाराची कडी तशीच होती. पाचही काजं उघडी होती.

शेवटच्या काजाला दोऱ्याचं टोक लोंबत होतं. कात्रीने कापलेलं नव्हतं, दातांनी तोडलेलं होतं.

तिने ते बोटांत धरलं. ओलं होतं, आणि अजून कोमट.