कसरसम्राटाची फीत

"अगं, हा तो भाग नाहीच!" नेस्टा सोफ्यावरून ताडकन उठली.

टीव्हीवर गुप्तहेर कर्नल स्विफ्ट एका छत्रीवाल्या खलनायकामागे धावत होता. वर्तमानपत्रात मात्र छापलं होतं, 'साडेपाच वाजता, पुन्हा एकदा : कसरसम्राट.'

"बाबा कधी दिसणार?" तिच्या सात वर्षांच्या भावाने, आयव्हरने विचारलं.

त्यांचे बाबा, विल्फ्रेड ट्रँटर, नाटकांत किरकोळ कामं करायचे. मोठं काम एकदाच मिळालं, याच मालिकेच्या एका भागात. कपडे खाणाऱ्या कसरी पाळून अख्ख्या ब्रिटिश सैन्याला भर संचलनात चड्डीवर आणणारा सम्राट! जानेवारीत न्यूमोनियाने ते गेले. घरात त्यांचे फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. आणि गेल्याच आठवड्यात आयव्हर नेस्टाच्या कानात म्हणाला होता, "मला बाबांचा आवाज आठवत नाही. आईला सांगू नकोस हं."

"उद्या सकाळी एल्मफील्ड स्टुडिओ!" शेजारची डल्सी म्हणाली. "मालिका तिथेच बनते आणि माझी मावशी तिथे कॅन्टीनमध्ये आहे. सुट्टी काय नुसती जॅम-पाव खायला असते?"

स्टुडिओतल्या फितींच्या खोलीत मिस्टर गॅड नावाचे कारकून होते. त्यांनी वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "पुसली."

"पुसली म्हणजे?"

"फीत महाग असते, बाळ. एकदा दाखवली की चुंबकाने पुसायची आणि वर दुसरं काही भरायचं. तुमच्या कसरींवर आता घोड्यांची शर्यत आहे. वर्तमानपत्राला जुनी यादी गेली असणार."

आयव्हर आपल्या बुटांकडे बघत राहिला.

बाहेर पायरीवर तंत्रज्ञ मिस्टर हॉब्डे डबा खात बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "वाईट वाटलं, मुलांनो. पण इथे सगळंच पुसतात. वाचतात फक्त जोडाच्या फिती. ब्लेडने कापून चिकटवलेली फीत पुन्हा वापरली, तर तो जोड यंत्र खराब करतो. त्या मागच्या शेडमध्ये टाकतात आणि भरली की जाळतात."

"आमच्या भागाला जोड होता?"

"कागदावर तरी नाही."

नेस्टा थांबली. चित्रीकरणाच्या दिवशी बाबा घरी आले होते ते हसतच. कसरींची पूड म्हणून उधळलेली पावडर नाकात गेली आणि ते ऐन संवादात शिंकले. दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला, कारण तेवढा तुकडा कापावा लागला.

"जोड होता!" ती ओरडली. "म्हणजे ती फीत पुन्हा वापरताच येणार नाही. म्हणजे वही चुकली!"

सगळे पुन्हा आत गेले, पण मिस्टर गॅड हलायला तयार नव्हते. "वही चुकत नसते. शेडची किल्ली हवी तर अर्ज करा. पंधरा दिवस लागतील."

"आणि शेडमधल्या फिती शुक्रवारी जाळणार," हॉब्डे दारातून म्हणाले.

डल्सीने चेहरा एकदम भोळा केला. "मिस्टर गॅड, इतकी सुंदर वही! मला शिकवाल, कशी लिहितात ते?"

गॅड फुलले. ते तिला लाल शाई आणि निळी शाई यांतला फरक सांगू लागले, तेवढ्यात नेस्टाने खिळ्यावरची किल्ली काढली.

शेडमध्ये एकशे चौदावा डबा उघडला तेव्हा तिचे हात काळे झाले होते. आत चिठ्ठी होती : कसरसम्राट.

"शाब्बास, पोरी!" हॉब्डे म्हणाले. "आमच्या अख्ख्या कचेरीला जे सुचलं नाही ते तुला सुचलं."

हॉब्डेंनी फीत यंत्रावर चढवली आणि यंत्र फिरू लागलं. पडद्यावर बाबा आले. पिसांचा झगा, चिकटवलेल्या भुवया आणि घोगरा, घुमणारा आवाज.

आयव्हरने बराच वेळ ऐकलं. "हे बाबा नाहीत," तो हळूच म्हणाला.

खरंच नव्हते. तो आवाज सम्राटाचा होता.  नेस्टा रिकामा डबा बंद करायला गेली, तर तळाशी फितीचा एक गुंडाळा दिसला. कापलेला तुकडा! तिने तो हातावर मोजला, जेमतेम दीड मीटर.

"सेकंदाला अडतीस सेंटिमीटर," हॉब्डे म्हणाले.

"म्हणजे चार सेकंद."

"चार सेकंद," ते म्हणाले आणि ब्लेड शोधू लागले.

तुकडा जोडून होईतो, डल्सीच्या मावशीने फोन करून बोलावलेली आई येऊन पोचली होती. बोळातून तिचा आवाज आला, "न सांगता सायकली घेऊन इतक्या लांब? नेस्टा! काही अक्कल आहे की—"

ती दारात आली आणि त्याच क्षणी पडद्यावरचा सम्राट प्रचंड शिंकला. भुवई गळून पडली. मग अगदी साधा, हसरा आवाज आला, "अरे देवा! रुमाल द्या रे कुणीतरी!"

पडदा पांढरा झाला.

"हेच!" आयव्हर ओरडला. "हेच बाबा! आई, ऐकलंस?"

 आईचा हात केव्हाच पर्समध्ये गेला होता. घडी केलेला रुमाल बाहेर काढून तिने तो पडद्याकडे पुढे केला होता.