मेलेला साहेब चहा पितो

सिनेमा सुटला तेव्हा ती इतकी चिडली होती, की छत्री खुर्चीतच विसरली. कशीबशी मिळालेली सुट्टी या रटाळ हेरपटावर वाया गेली होती. हेर नुसता खिडकीतून बाहेर बघतो, आणि कोण कुणाचा माणूस याचा शेवटपर्यंत पत्ता नाही!

छत्री आठवताच ती तरातरा मागे वळली, तर जिन्यातून उतरणाऱ्या एका तरुणावर आदळलीच. त्याच्या हातात तिची छत्री होती.

"तुमचीच ना? मी इथला ऑपरेटर, सिनेमाचं मशीन चालवतो. वरून दिसलं." तो जरा घुटमळला. "सिनेमा... आवडला?"

झालं. आगीत तेल पडलं.

"आवडला? अहो, हेराच्या हातावरची जखम आधी भरलेली, आणि त्याला सुरी लागते नंतर! मी नर्स आहे, दिवसभर ड्रेसिंग करते. असली जखम नाही पाहिली मी कधी. आणि तो टकला साहेब? पुलावरून पडून मेला, तरी पुढच्या सीनमध्ये निवांत चहा पितोय!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आधी मेला... मग चहा?" त्याने कपाळाला हात लावला. "म्हणजे तिसऱ्या रिळाआधी चौथं लावलं मी."

ती बघतच राहिली. अख्खं थिएटर हूं की चूं न करता घरी गेलं होतं. मग तिचा पारा पुन्हा चढला.

"लक्ष कुठे होतं तुमचं?"

तो काही बोलणार, एवढ्यात मॅनेजर आले. "काय तक्रार आहे, मॅडम?"

"पुन्हा चूक झाल्याचं कळलं तर नोकरी जाईल माझी," तो जेमतेम तिला ऐकू जाईल असं पुटपुटला.

तिने दातओठ खाल्ले. "सिनेमाच भिकार आहे," ती मॅनेजरना म्हणाली. "तुमच्या माणसाचा काही दोष नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गावातल्या एकुलत्या एक हॉस्पिटलच्या फाटकाशी तिची वाट बघत उभा होता.

"मी मॅनेजरना खरं सांगून टाकलं. तुम्हाला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं, ते काही बरं वाटेना."

"अहो, कमाल आहे तुमची! मी जीव मुठीत धरून खोटं बोलले, आणि तुम्ही..." तिचा आवाज एकदम खाली आला. "नोकरी गेली?"

"सकाळी त्यांनी रिळं नीट लावून घेतली, अख्खा सिनेमा स्वतः बघायला बसले. अर्ध्यावर झोपले. उठले आणि म्हणाले, उलटा लाव नाहीतर सुलटा, कुणाला ओ की ठो कळणार नाही. जा, कामाला लाग."

तिला हायसं वाटलं, पण ती ते दाखवणार थोडीच!

"कालच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. लक्ष कुठे होतं?"

"तुमच्याकडे." तो मान खाली घालून म्हणाला. "तुम्ही एकट्या येता... सिनेमा वाईट असला की पडद्याशी भांडता. काल इतक्या रंगात आला होतात, की रिळाचा नंबर बघायचाच राहिला. तुम्ही मला फार आवडता. वर्ष झालं."

"वर्ष?" ती कडाडली. "आणि खाली उतरून एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

"भीती वाटत होती."

"वाटायलाच हवी." तिचे कान तापले होते. "कारण मलाही तुम्ही आवडायला लागलात... आणि एका दिवसात, याचा मला भयंकर राग येतोय."