एकशे बेचाळीसचा आकडा

"मी प्यालेलो नाही. एवढंच सांगायला आलोय," म्हातारा दारातूनच म्हणाला आणि खोकत खुर्चीत बसला.

लिमुरूच्या बाजारात, चहाच्या दुकानाच्या माडीवर खाजगी तपासनीस फेबी मुसिंबीची कचेरी होती. सकाळचे सात वाजले होते. तिचा सहकारी किप्रुगुट, पोलिसातला निवृत्त हवालदार, चहात मंडाझी, तळलेला गोड पाव, बुडवत होता. त्याचा हात तसाच थांबला.

"प्यालात असं कोण म्हणतं?" मुसिंबीने विचारलं.

"मशीन."

म्हाताऱ्याचं नाव न्दिरांगु. दारू सोडलेली माणसं आपापल्या घरी परतण्याआधी टेकडीवरच्या ज्या घरात राहतात, त्याचा तो प्रमुख. सगळे त्याला आदराने म्झे म्हणत. त्याने स्वतः नऊ वर्षं थेंबाला हात लावला नव्हता. रोज सकाळी सहाला सगळ्यांनी, अगदी कर्मचाऱ्यांनीही, श्वासातली दारू मोजणाऱ्या मशीनमध्ये फुंकायचं, हा नियमही त्याचाच.

"आज माझा आकडा आला एकशे बेचाळीस. पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकलं. तोंडात काही राहिलं असेल तर तेवढ्यात निघून जातं. दुसऱ्यांदा आला छत्तीस."

मुसिंबी पुढे झुकली. "छत्तीस? नक्की?"

"वहीत लिहिलंय. दहाला विश्वस्त येतायत. मला काढतील, काढू देत. पण पोरं बॅगा भरतायत, मॅडम! बरासाचा आज चोविसावा दिवस. तो म्हणाला, 'नऊ वर्षांनी म्झेच घसरले, तर माझी काय कथा?'" न्दिरांगुने नाक शिंकरलं. "तीन दिवस सर्दी आहे. समोर दारूचं पिंप ठेवलंत तरी वास यायचा नाही मला."

मुसिंबीने गाडीची किल्ली उचलली. "किप्रुगुट, मंडाझी वाटेत खा."

टेकडीवरच्या घराच्या व्हरांड्यात खरंच सहा-सात बॅगा रांगेत उभ्या होत्या. स्वयंपाकघरात शिरताच किप्रुगुटला आंबूस वास आला आणि त्याची छाती फुगली.

"मॅडम, सापडलं! आंबवलेली लापशी! तिच्यातच दारू होते."

"हो का?" स्वयंपाकीण न्योकाबीबाईंनी डाव आपटला. "मग बाकीच्या नऊ जणांनी काय दगड खाल्ले होते? आणि लापशी मी वाढते फुंकून झाल्यावर. हवालदार, तुम्ही चोर असेच पकडायचात का?"

किप्रुगुटची छाती खाली बसली.

"मशीन तुमच्या हातात होतं?" मुसिंबीने विचारलं.

"आजपासूनच. इतके दिवस म्वेंद्वा सर धरायचे, ते समुपदेशक ना. काल संध्याकाळी म्झे म्हणाले, 'न्योकाबी, तू जन्मात चाखलेली नाहीस, उद्यापासून तू धर.'"

"आणि नळ्या?"

"ज्याची त्याची नळी, नावाची पट्टी लावलेली. नळ्यांचं ताट कचेरीत असतं, सर घेऊन आले. आधी मी फुंकलं, मग पोरांनी, सगळी शून्य. मग म्झे. अन् मग जो गलका झाला! दुसऱ्या वेळी मी कोरी नळी काढत होते, पण सर म्हणाले, 'त्यांचीच असू दे, नाहीतर उद्या कुणी म्हणेल नळी बदलली.' पटलं मला."

मुसिंबीने वही पाहिली. दहा शून्यं. न्दिरांगु, एकशे बेचाळीस, छत्तीस. त्याखाली वाफुला आणि म्वेंद्वा ही दोन नावं, समोर काहीच नाही.

वाफुला म्हणजे फाटकावरचा धिप्पाड रखवालदार. त्याच्या तळहाताला पट्टी होती.

"काटेरी तारेने कापलं, मॅडम. साडेपाचला कचेरीत जाऊन स्पिरिट लावलं, बाटली तिथंच टेबलावर ठेवली. पावणेसहाला दूधवाला आला. त्याचं गाढव जे फाटकात अडून बसलं, ते आतला आरडाओरडा ऐकूनच उठलं. वाटलं तर गाढवाला विचारा."

"बाटली याचीच," किप्रुगुट हळूच कुजबुजला. मुसिंबीने लक्ष दिलं नाही.

लिओनार्ड म्वेंद्वा कचेरीत टेबल आवरत होता. इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ.

"तीन आठवड्यांपूर्वी माझ्या भावाचं दफन झालं. मी गावी होतो, तेव्हा म्झेंनी एकट्याने हे घर ओढलं. त्यांच्याविरुद्ध मी काय बोलू? आजार आहे हा, परततो कधीकधी. विश्वस्तांना एवढंच सांगा, त्यांना हाकलू नका."

किप्रुगुटला गहिवरून आलं. मुसिंबीने म्वेंद्वाला बाहेर बसायला सांगितलं, कचेरीचं दार लोटलं आणि क्षणात एक कोरी नळी लावलेलं मशीन घेऊन बाहेर आली.

"फुंक," ती किप्रुगुटला म्हणाली.

त्याने फुंकलं. मशीन किंचाळलं. एकशे पन्नास.

"मॅडम! आईशपथ, आंबवलेल्या दुधापलीकडे मी—"

"ओरडू नकोस. पंधरा मिनिटांनी याच नळीत पुन्हा. त्यानंतर आणखी एकदा."

दुसऱ्यांदा अडतीस आले. तिसऱ्यांदा शून्य.

"अर्ध्या तासात उतरली?" किप्रुगुट चक्रावला. "इतक्या वेळात तर माझ्या दारुड्या मेव्हण्याला खुर्चीही सापडत नाही."

मुसिंबी पहिल्यांदाच हसली.

दहाला जेवणघरात सगळे जमले. विश्वस्तांच्या अध्यक्षबाई मध्ये बसल्या. बाकांवर नऊ माणसं, अंगात कोट, निघायच्या तयारीत.

"पिणाऱ्याची दारू रक्तात असते," मुसिंबी बोलू लागली. "ती पंधरा मिनिटांत एकशे बेचाळीसवरून छत्तीसवर येत नाही, तासन् तास घेते. नुसती तोंडात राहिलेली असती, तर तेवढ्यात शून्य झाली असती. छत्तीस दोन्हीत बसत नाही. म्हणजे दारू म्झेंच्या अंगात नव्हतीच. ती नळीत होती. मशीनकडच्या टोकाला स्पिरिटचा एक थेंब. म्झेंना सर्दी, वास येणार कुठून? मी तसाच थेंब टाकला, तर आमचे हे सज्जन हवालदार एकशे पन्नास प्यालेले निघाले."

बाकांवर खसखस पिकली आणि लगेच थांबली.

"तो थेंब अर्ध्या तासात उडतो. वाफुलाने साडेपाचला टाकला असता, तर सव्वासहाला काही उरलं नसतं. पावणेसहानंतर तो फाटकावर होता. न्योकाबीबाईंनी टाकला असता, तर त्या दुसऱ्या वेळी कोरी नळी कशाला काढतील? त्याने म्झे तिथल्या तिथे सुटले असते. ताट आणलं एकाने. जुनीच नळी ठेवायला सांगितलं, तेही त्यानेच."

सगळ्यांच्या माना वळल्या. म्वेंद्वा उठला. "म्झेंची जागा हवी म्हणून मी हे केलं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही. तुम्हाला गलका हवा होता, स्वतःची पाळी येण्याआधी. कालपर्यंत मशीन तुमच्या हातात होतं, तुमचा आकडा तुम्हीच लिहायचात. आज न्योकाबीबाई लिहिणार होत्या." तिने टेबलावर दोन कोऱ्या नळ्या ठेवल्या. "सकाळची दोन नावं राहिलीयत. वाफुला?"

वाफुलाने पाय आपटत येऊन फुंकलं. शून्य.

"म्वेंद्वा सर?"

म्वेंद्वाने नळीकडे पाहिलं. हात पुढे झाला नाही. तो मटकन खाली बसला.

"भावाला मातीत ठेवलं अन् कुणीतरी हातात ग्लास दिला," तो पुटपुटला. "तेव्हापासून रोज. वाटलं, म्झे गेले की मशीन पुन्हा माझ्याकडे येईल. तेवढ्यात सोडीन."

"पोलिसांना बोलावते," अध्यक्षबाईंनी फोन उचलला.

"थांबा, बाई." न्दिरांगु उठला. तो रागाने म्वेंद्वासमोर जाऊन उभा राहिला. "माझी नऊ वर्षं तू एका थेंबात बुडवायला निघालास, लिओनार्ड. कचेरीच्या किल्ल्या ठेव."

किल्ल्या टेबलावर आल्या.

"बाई, नोकरीवरून हा गेला, तसं लिहा. पण आत्ता बाहेर सोडला, तर दुपारी कुठल्या दुकानात बसेल हे मला ठाऊक आहे. वर एक खाट रिकामी आहे."

"म्झे, मी तुमचं इतकं वाईट केलं आणि—"

"माफ केलेलं नाही मी तुला! ते मागाहून बघू. आधी फुंक. सगळ्यांसमोर."

म्वेंद्वाने फुंकलं. मशीन किंचाळलं. न्योकाबीबाईंनी ओल्या डोळ्यांनी आकडा लिहिला, अठ्ठ्याऐंशी. कुणी हसलं नाही.

मग बरासाने कोट काढला, बाकावर सरकून जागा केली.

"या सर, बसा," तो म्हणाला. "पहिला दिवस फार वाईट असतो. आज मी थांबतो तुमच्याजवळ."